पन्नास लिटरचं तळं

जांब समर्थमध्ये कुणी घरी काचेची टाकी ठेवून मासे पाळायचं ठरवलं, तर त्याने आधी न्हाणीतलं पातेलं बघावं, दुकान नंतर. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं तापवलेल्या पातेल्याला आतून पांढरा, खरखरीत थर चढतो. चिंचेने घासला की थोडा सुटतो, काही दिवसांत पुन्हा बसतो. नळाच्या तोंडाशी, गीझरच्या कॉइलवर, स्टीलच्या पेल्यावर वाळलेल्या थेंबांच्या कडेने तोच थर. घरातल्या बायका त्याला क्षार म्हणतात आणि डाळ लवकर शिजत नाही याचा दोषही त्यालाच देतात. दोन्ही बरोबर आहे.

जांबच्या घनसावंगी तालुक्यातली काळी माती ज्या खडकापासून झाली तो बेसाल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून आणि सांध्यांतून मुरताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट बरोबर घेऊन खाली उतरतं. म्हणून इथल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. त्याला साबणाचा फेस येत नाही आणि त्याचा सामू सातच्या वर, अनेकदा आठच्या आसपास असतो. मासे विकत घेताना या दोन गोष्टी कुणी विचारत नाही. रंग विचारला जातो, भाव विचारला जातो, फार तर खायला काय घालायचं ते विचारलं जातं.

याच गावात 1608 च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, पुढे समर्थ रामदास झाला. दासबोधाच्या सोळाव्या दशकात पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा यांना एकेक समास दिलेला आहे. चौथा समास पाण्याचा. पाणी ज्याच्या संगतीला लागतं त्याचा गुण घेतं, कुठे कडवट होतं, कुठे गुळचट, कुठे तिखट, तुरट, खारट, असं निरीक्षण त्यात आहे. नाशिकजवळ टाकळीला गोदावरी आणि नंदिनीच्या संगमावर समर्थांनी बारा वर्षं पाण्यात उभं राहून जप केला आणि मासे त्यांच्या पायांना टोचत राहिले, अशी परंपरा आहे. ज्याचा पाण्याशी इतका सहवास होता, त्याने पाण्याच्या संगतीबद्दल लिहावं हे स्वाभाविकच. मासे पाळण्याचं सगळं शास्त्र या संगतीचंच आहे. पाणी खडकाकडून काय घेतं, खतांकडून काय घेतं, माशाच्या कल्ल्यांतून त्यात काय उतरतं आणि शेवटी ते कुणाच्या हवाली होतं, हे ज्याला कळलं त्याचे मासे जगतात.

तेव्हा पहिला निर्णय असा, की जांबचं पाणी आहे तसंच ठेवायचं आणि त्याला मानवणारे मासे आणायचे. निऑन टेट्रा किंवा डिस्कस हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले मासे. तिथलं पाणी पालापाचोळा कुजून चहासारख्या रंगाचं झालेलं, मऊ आणि आम्लधर्मी. त्यांच्यासाठी इथे आरओच्या पाण्याचे जार आणायचे, त्यात मोजून क्षार घालायचे आणि दर आठवड्याला तोच खटाटोप करायचा. काही दिवस हौस असते, मग कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याची किंमत मासे मोजतात. उलट मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही मंडळी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची, गप्पी व्हेनेझुएला-त्रिनिदादच्या पट्ट्यातला. त्यांना जड, थोडं अल्कधर्मी पाणी मानवतं. ज्या क्षाराने गृहिणी वैतागते त्यात मोली खूश असते.

यातला गप्पी तर गावाला नवीन नाहीच.

मराठवाड्यात गप्पी मासा शोभेच्या दुकानातून आला त्याआधी हिवताप विभागाच्या माणसाबरोबर आला. आरोग्य केंद्राच्या आवारात सिमेंटचा एक हौद, त्यावर रंगाने लिहिलेलं ‘गप्पी मासे पैदास केंद्र’, आणि त्यात करड्या रंगाचे, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे मासे, हे दृश्य महाराष्ट्रातल्या खेड्यांत ओळखीचं आहे. आरोग्यसेवक डबा भरून घेऊन जातो आणि वापरात नसलेल्या विहिरीत, गुरांच्या हौदात, साचलेल्या डबक्यात चार-सहा मासे सोडतो. आठवड्यातून एक दिवस रांजण-टाक्या रिकाम्या करून घासायच्या, त्याला ‘कोरडा दिवस’ म्हणतात. जे पाणी रिकामं करता येत नाही तिथे गप्पी. पूर्ण वाढलेला एक गप्पी दिवसाला डासांच्या 80 ते 100 अळ्या खातो असं हिवताप नियंत्रणाच्या सरकारी माहितीत दिलेलं असतं. रोनाल्ड रॉसने 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला. डास आणि ताप यांचं नातं पक्कं झाल्यावर अळ्या खाणाऱ्या माशांना देशोदेशी मागणी आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गप्पी भारतात पोचला. बर्लिनच्या विल्हेल्म पीटर्सने 1859 मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं होतं. त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी या गृहस्थांनी ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठवले, त्यावरून 1866 मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. शास्त्रीय नाव पुढे बदललं, पण बोलीत गप्पी तो गप्पीच राहिला.

आरोग्य केंद्राचा करडा गप्पी आणि दुकानातला मोरपंखी शेपटीचा गप्पी एकाच जातीचे. फरक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. नवख्याने करड्या गप्पीपासून सुरुवात करावी हे जास्त शहाणपणाचं. तो काटक असतो, त्याची अनेक पिढ्यांची वाढ इथल्याच पाण्यात झालेली असते, आणि त्याच्या नराच्या अंगावर नीट बघितलं तर केशरी ठिपका, काळा ठिपका, कडेला निळसर झाक असतेच. दोन नरांची नक्षी कधी हुबेहूब सारखी नसते. टाकीसमोर शांत बसणाऱ्याला आठवड्याभरात एकेक नर वेगळा ओळखता येऊ लागतो.

आता टाकी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, एवढी काचेची पेटी घरी पुरते. गळ्यापर्यंत भरली तर सत्तावन्न लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी पन्नासच्या आत-बाहेर. भरलेल्या टाकीचं वजन काच-वाळू धरून पाऊण क्विंटलच्या घरात जातं, त्यामुळे टीपॉयवर किंवा प्लायच्या कपाटावर ती ठेवू नये. लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा. पोलादासाठी नाव असलेल्या जालना जिल्ह्यात त्याला अडचण पडू नये. स्टँडवर प्लाय, त्यावर थर्माकोलचा पातळ पत्रा, त्यावर टाकी. थर्माकोलमुळे तळाच्या काचेवरचा ताण सारखा वाटला जातो, नाहीतर एखादा वाळूचा खडा खाली राहिला तरी काच तडकते. पूर्वीच्या टाक्या लोखंडी चौकटीत लांबीने काचा बसवून करत. 1960 च्या दशकात सिलिकॉन सीलंट आल्यापासून चौकट गेली आणि निव्वळ काचेच्या टाक्या होऊ लागल्या. सीलंटला सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नये, आणि न्हाणीघरासाठी येणारं बुरशीरोधक सीलंट चुकूनही वापरू नये, त्यातलं औषध माशांना मारतं.

उंच टाकीपेक्षा लांबट, बुटकी टाकी बरी. प्राणवायू पाण्यात शिरतो तो वरच्या पृष्ठभागातून, म्हणून पृष्ठभाग जितका पसरट तितकं माशांना बरं. गोल काचेचं भांडं त्यासाठीच वाईट. त्यात पाणी थोडं, पृष्ठभाग अरुंद, फिल्टर बसत नाही, आणि दुकानदार त्यात हमखास गोल्डफिश टाकून देतो. गोल्डफिश हा कार्प कुळातला मासा, वीतभर वाढणारा, दहा-पंधरा वर्षं जगणारा आणि भरपूर घाण करणारा. भांड्यात तो महिन्या-दोन महिन्यांत मरतो आणि घरच्यांना वाटतं, तो इतकाच जगत असेल. हा गैरसमज मोडायला हवा.

तळाला वाळू लागते सात-आठ किलो. तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे, वाळूघाट आहेत, आणि त्या वाळूपायी या पट्ट्यात काय काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. नदीच्या वाळूत आणि गोट्यांत मासे अंडी घालतात. तळ खरवडलेल्या नदीत मासे कमी होतात हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. टाकीसाठी बांधकामावर उरलेली घमेलंभर वाळू पुरते. ती बादलीत घेऊन पाणी नितळ होईपर्यंत धुवावी. दहा-बारा वेळा तरी गढूळ पाणी ओतावं लागतं.

पाणी भरताना सरळ नळ सोडू नये. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल म्हणजे क्लोरिनची पावडर पडते, आणि ज्या क्लोरिनमुळे माणसाची हगवण टळते तोच माशांचे कल्ले जाळतो. पाणी उघड्या पिंपात दिवसभर ठेवलं किंवा त्यात हवेचा पंप सोडला की क्लोरिन उडून जातो. घाई असेल तर हायपोचे म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे स्फटिक थोडे घालतात. पूर्वी फोटो स्टुडिओत फिल्म पक्की करायला हाच हायपो वापरत. शेतातल्या विहिरीचं पाणी आणायचं तर दुसरी शंका: कापूस-मोसंबीला घातलेल्या खतांतलं नायट्रेट त्यात आधीच उतरलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं असं भारतीय मानक आहे. पाणी तपासून आलं की माशांबरोबर घरच्यांचंही कळतं.

पाणी भरलं, वाळू बसली, फिल्टर बुडबुडायला लागला. इथे खरा कस लागतो, कारण मासे अजून आणायचे नाहीत. चार ते सहा आठवडे थांबायचं.

हे थांबणं कशासाठी, ते शेतकऱ्याला पटकन समजतं. कपाशीला युरिया दिला की पीक तो थेट घेत नाही. मातीत त्याचा अमोनिया होतो, मग मातीतले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात, आणि मुळं मुख्यतः ते नायट्रेट उचलतात. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास झुरिकमध्ये हे जिवाणू मातीतून वेगळे काढून दाखवले. टाकीत तेच घडतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. नव्या टाकीत तो पचवणारं कुणी नसतं. एका गटाचे जिवाणू वाढून अमोनियाचं नायट्राइट करू लागतात, ते नायट्राइटही माशाच्या रक्ताला विष. मग दुसऱ्या गटाचे जिवाणू येतात आणि त्याचं नायट्रेट करतात, जे बरंच निरुपद्रवी. ही दुसरी फळी नायट्रोबॅक्टरची, असं जुन्या पुस्तकांत असायचं. 1998 मध्ये झालेल्या अभ्यासात घरगुती टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं. दोन्ही गट सावकाश वाढतात. साधे कुजवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना दिवस-दिवस लागतो.

आणि जांबच्या पाण्यात अमोनियाचा धाक जास्त. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक सौम्य आणि एक जहरी. सामू आणि तापमान वाढलं की जहरी रूपाचा वाटा वाढतो. तीस अंशांच्या पाण्यात सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला शंभरातला एक भागही जहरी नसतो. सामू 8 झाला की सात-आठ भाग जहरी होतात. म्हणजे मुंबईच्या मऊ पाण्यात जी चूक खपून जाते ती मराठवाड्याच्या बोअरच्या पाण्यात माशाच्या जिवावर बेतते. मुंबईतल्या ओळखीच्याने सांगितलेली रीत इथे तशीच्या तशी लावू नये.

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहावं, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळतं. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरचा स्पंज आणून आपल्या टाकीत पिळला तर काम लवकर होतं. विरजण लावण्यासारखंच आहे ते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होतं. घाबरून सगळं पाणी ओतून देऊ नये, तो जिवाणूंचा पहिला उठाव असतो, आपोआप खाली बसतो. थेंबांचं तपासणी किट मिळतं, त्यात परीक्षानळीतल्या पाण्याचा रंग बदलतो. अमोनियाच्या नळीचा रंग पहिले काही दिवस हिरवा गडद होत जातो. मग एका सकाळी तो पिवळ्याकडे झुकलेला दिसतो आणि नायट्राइटची नळी मात्र जांभळी झालेली असते. आणखी काही दिवसांनी तीही फिकी पडते. दोन्ही नळ्या सलग काही दिवस फिक्या राहिल्या की टाकी तयार झाली. ज्या घरात शाळेत जाणारी मुलं आहेत तिथे हे काम त्यांच्याकडे द्यावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा रंग लिहून ठेवायला त्यांना आवडतं, आणि विज्ञानाच्या पुस्तकातलं नायट्रोजनचं चक्र त्यांना डोळ्यांनी दिसतं.

या थांबण्याच्या काळात वनस्पती लावून घ्याव्यात. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला होता: काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं. रोपाची पानं कुजून पाणी बिघडायला लागलं, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या. त्या कुजकं खात गेल्या आणि पात्र टिकलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, आणि ती हौस जगभर पसरली. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं. मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा तिथे पाहिला. वॉरिंग्टनचं व्हॅलिसनेरिया भारतातल्या पाण्यातही उगवतं, हायड्रिला तर इथल्या तळ्या-कालव्यांत गच्च माजतं. दोन्ही जड पाण्यात छान वाढतात. मात्र पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथून काही उपटून आणू नये. कालव्यातून आणलेली काडी वेगळ्या बादलीत पंधरा दिवस ठेवावी. तिच्याबरोबर जळवा येतात, चतुराच्या अळ्या येतात. चतुराची अळी पिल्लं फस्त करते.

मासे आणायला जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावं लागतं. सकाळी लवकर जावं, उन्हाच्या आत परतावं. अंबडवरून येणाऱ्या रस्त्यावर मत्स्योदरी देवीची टेकडी लागते. टेकडीचा आकार माशासारखा आहे असं मानतात, नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. प्राणवायू भरलेली पिशवी मांडीवर सांभाळत त्या टेकडीसमोरून जाताना देवीला हात जोडणारा माणूस याच मुलखातला. घरी आल्यावर पिशवी बंदच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी, मग उघडून त्यात टाकीतलं पाणी थोडं थोडं मिसळावं, आणि जाळीने फक्त मासे उचलून सोडावेत. पिशवीतलं पाणी टाकीत नको.

किती मासे? पहिल्या खेपेला गप्पीचा एक नर आणि दोन-तीन माद्या, बस. नर एकाच मादीच्या मागे लागला तर ती दमून मरू शकते, म्हणून माद्या जास्त. दोन-तीन आठवड्यांनी सात-आठ झेब्रा मासे आणावेत, थव्याने राहणारे, निळ्या-सोनेरी पट्ट्यांचे, दिवसभर वरच्या थरात इकडून तिकडे पळणारे. हा आपल्या उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर पुस्तक लिहिलं त्यात त्याचं वर्णन आहे. अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांच्या 1981 च्या कामानंतर तो जगभरच्या प्रयोगशाळांत गेला, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो. जखमी झालेलं हृदयही तो पुन्हा घडवतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्याच्यावरच मणक्यांमधल्या चकत्यांचा अभ्यास झाला. भाताच्या खाचरातला हा मासा जांबचा उन्हाळाही काढू शकतो.

गोदावरीतले मासे टाकीत का नकोत, असं कुणी विचारेल. कर्नल साइक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात इथले कितीतरी आहेत, महसीरसुद्धा. त्यांतले मरळ, वांब, शिंगटा हे मोठे होतात, एकमेकांना आणि इतरांना खातात. लहान रासबोरा आणि पुंटियस टाकीत गोजिरे दिसतात, पण नदीतून धरून आणलेला मासा रोग घेऊन येतो आणि नदीत एक कमी होतो. पाळायला पैदाशीचाच मासा घ्यावा.

गप्पी पिल्लं देतो ते बघण्यासारखं असतं. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग असतो. महिना भरत आला की तो गडद होतो, पोट चौकोनी दिसू लागतं, आणि डागात टाचणीच्या टोकाएवढे डोळे मोजता येतात. मग ती कोपऱ्यात हायड्रिलाच्या आड जाते. पिल्लू गुंडाळलेलं बाहेर पडतं, क्षणभर खाली बुडतं, उलगडतं आणि सरळ पानांत घुसतं. मागे आई आली तर खाऊन टाकते, म्हणून पानं दाट हवीत. एका वेळेला वीस, तीस, कधी जास्तही. पुढचे काही महिने नर नसला तरी मादी पिल्लं देत राहते, कारण नराचं बीज ती साठवून ठेवते.

खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकंच, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर त्यांना बरंच वाटतं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टीसीएलचं पाणी महिनाभर जपलेले जिवाणू मिनिटात मारतं. टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळावा.

जांबचा मे महिना मात्र वेगळा सांभाळावा लागतो. बाहेर पारा चाळिशी ओलांडतो, घरात टाकीचं पाणी बत्तीस-चौतीस अंशांवर जातं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, पस्तीस अंशांना जेमतेम सात. त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले असतात. आणि नेमकी तेव्हाच लाइट जाते. पंप बंद, फिल्टर बंद. काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. त्यासाठी बॅटरीवरचा छोटा पंप घरात असू द्यावा. नसेल तर मगाने पाणी उचलून वरून धारेने सोडत राहावं. टाकी ओसरीला, पश्चिमेच्या उन्हात नकोच. कमी मासे ठेवण्याचा खरा फायदा अशा दुपारी कळतो.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं उतरतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. उतरलेल्या जागी पुन्हा बोअरचंच पाणी भरत गेलं तर महिनाभरात टाकीतलं पाणी फारच जड होतं. म्हणून उडालेलं पाणी आरओच्या जारमधून भरावं, आणि आठवड्याला जे पाणी बदलायचं ते बोअरचं. डासांसाठी लावलेली कॉइल किंवा लिक्विडची मशीन त्या खोलीत नको. त्यातली औषधं आणि कपाशीवर फवारायची सायपरमेथ्रिनसारखी औषधं एकाच कुळातली, आणि मासे त्यांच्यापुढे टिकत नाहीत. हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीवरून आलेल्या माणसाने साबणाने हात धुऊन, कपडे बदलूनच टाकीत हात घालावा.

या सगळ्यात एक प्रश्न उरतो आणि तो टाळण्यासारखा नाही. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, गावं टँकरवर जगली. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी 1965 ची, धरण पुरं झालं 1976 ला, 208 किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्ह्यातून जातो. तरीही उन्हाळ्यात घागरींची रांग लागते. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर पाणी मिळावं असं ठरवलंय. म्हणजे या टाकीत एका माणसाचं जवळजवळ एका दिवसाचं पाणी आहे. ते एकदाच भरायचं असतं, त्यानंतर आठवड्याला दहा-बारा लिटर बदलायचं आणि उडालेलं तेवढं भरायचं. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, ते तुळशीला, कढीपत्त्याला, परसातल्या मोसंबीला घालावं; झाडं तरारतात. ज्या घरी टँकरच्या पाण्याची वाटणी होते तिथे त्या वर्षी टाकी मांडू नये, आणि मांडलेली असेल तर मासे कुणाच्या हौदात पोचवावेत.

कारण हौद हीच गप्पीची गावातली खरी जागा. सहा महिन्यांत टाकी पिल्लांनी भरते आणि वाटायची वेळ येते. ओढ्यात, कालव्यात, गोदावरीत मात्र एकही सोडू नये. टाकीतून किंवा तळ्यातून सुटलेले परके मासे काय करतात ते महाराष्ट्राने पाहिलं आहे: चिलापीने जलाशय व्यापले, आणि टाक्यांमधली काच चाटणारा सकर मासा उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला, काटेरी, न खपणारा, जाळी फाडणारा. गप्पीही इथला नाही आणि नदीतल्या लहान माशांची अंडी-पिल्लं तो खातो. त्याला बंदिस्त पाण्यातच ठेवावं: सिमेंटचा हौद, वापरात नसलेला आड, शाळेमागची टाकी. आरोग्य उपकेंद्रालाही विचारावं, पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना गप्पी हवेच असतात. शेजारी बाटली घेऊन न्यायला आला तर त्याला आधी विचारावं, हौदात आज टीसीएल टाकलंय का. टाकलं असेल तर परवा ये म्हणावं.